बत्तिशी कोणाची

३ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद-बिशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

तक्रार मी केली. कंपनीने तुला नाव सांगितलंच असेल, पण पाठीमागून वार करायची माझी सवय नाही, म्हणून माझ्या अक्षरात पुन्हा लिहून देते. तो जुना कॉम्प्युटरवरचा बंदराचा खेळ नव्याने बाजारात आणणार म्हणून तुमच्या कंपनीने गाजावाजा केला, चित्रं टाकली, आणि पहिल्याच चित्रात ती धक्क्यावरची मासेवाली खदखदून हसत होती. तिचा तो वरचा पुढे आलेला सुळा मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दात आणि हास्य', आणि पुढे एकच नाव. तुझं.

आठव जरा. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी कॉम्प्युटर, त्याच्यापुढे एक खुर्ची आणि एक स्टूल. खुर्ची तुझी, स्टूल माझं. त्या खेळात सगळ्या गावाला मिळून एकच दातांची ओळ होती. ओळ तरी कसली, नुसती पांढरी पट्टी! म्हातारा असो, पोर असो, खलाशी असो, तोंड उघडलं की आत मोरीची फरशी. "अरे, ह्यांना दात लावू या की," असं कोण म्हणालं होतं? मीच. दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या आणि कॅपा घडवणारी मी. मग तू मॉड करायला शिकलास. म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या खेळाला घरबसल्या आपली जोड लावायला. दात मी दिले, तोंडात बसवलेस तू. दोनशे माणसांच्या तोंडात, आठ महिने खपून. 'बत्तिशी' असं नाव ठेवलं आणि इंटरनेटवर एक पान करून फुकट वाटली. साठ हजार लोकांनी ती नेली. कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायचे, की आता हे गाव खरं वाटतं. पानाच्या तळाशी दोघांची नावं होती. आधी माझं, कारण मी मोठी.

पुढे तुला त्याच कंपनीत नोकरी लागली. तू लांब गेलास. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बघते तर पानावरून माझं नाव गुल. मी तुला विचारलं, तर म्हणालास, "ताई, तू ह्यात पडू नकोस." का पडू नको, ते मात्र सांगेनास. मी तुला चोर म्हणाले. तोंडावर म्हणाले. तू हूं की चूं केलं नाहीस, आणि मला वाटलं, चोर आणखी काय बोलणार. तेव्हापासून आपण दोघंही तोंड शिवून बसलोय.

आता खरं कारण. काल तुझ्या बायकोचा फोन आला. तुला घरी बसवलंय म्हणाली. चौकशी चालू आहे, दोन मार्चपर्यंत निकाल. 'हे सगळं काम माझं एकट्याचं' असं तू नोकरीला लागताना लिहून दिलं होतंस म्हणे. ते खोटं ठरलं तर नोकरी जाणार, आणि ह्या धंद्यात पुन्हा तुला कोणी दारात उभं करणार नाही. ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी फणकाऱ्याने म्हणाले, "करावं तसं भरावं." फोन ठेवला आणि जेवायला बसले, तर ताट तसंच झाकून उठले.

बारक्या, मला तुझी नोकरी नको होती रे. मला माझं नाव हवं होतं. एवढंच.

लिहिलं एकदाचं. थोडं मोकळं वाटतंय.

ताई


८ फेब्रुवारी

बारक्या,

मागचं पत्र तुला मिळालं असेल तर फाडून टाक. नाही, राहू दे. माझ्या अकलेचा पुरावा म्हणून ठेव.

परवा दुपारी तुमच्या कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. बाई आवाजाने गोड. "तुमचा दावा आम्ही गंभीरपणे घेतलाय," म्हणाल्या. मी ताठ झाले. मग म्हणाल्या, "एक छोटी शंका होती. दातांच्या फायलींना 'केस ४१७ वरचा', 'केस ३८९ खालचा' अशी नावं का आहेत?"

हातात कवळीचं मेण होतं, ते तसंच दाबलं गेलं आणि दोन दाढा चपट्या झाल्या. मी म्हणाले, "आठवून सांगते." बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला 'आठवून सांगते' म्हटलेलं नाही. मला सगळं पाठ असतं.

आता तुला जे दहा वर्षं सांगितलं नाही ते सांगते. तुला ते ठाऊक झालंय हे मला परवा कळलं, तरी सांगते.

ते दात मी घडवले नव्हते. तुला तेव्हा म्हणाले होते, रोज थोडे थोडे मेणात कोरते आणि स्कॅन करते. थाप होती. आमच्याकडे दाताच्या डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाचे ठसे येतात. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, त्यावर कॅप नाहीतर कवळी बसते का बघायची, आणि काम झालं की साचा फळीवर ठेवून द्यायचा. तळाला खिळ्याने केस नंबर कोरलेला. तेव्हा लॅबमध्ये स्कॅनर नवा आला होता. मालक दुपारी घरी जेवायला जायचे. मी फळीवरून साचे काढायचे, एक एक करून स्कॅन करायचे आणि पुसून जागच्या जागी ठेवायचे. नऊ माणसांची तोंडं उचलली मी. कुणाला विचारलं नाही. आणि कामाच्या सवयीने फायलीला नाव देताना दरवेळी तळाचा नंबरच दिला. दुसरं नाव द्यायचं सुचलंच नाही! चोरी करायची आणि पावतीही फाडायची, असली मी हुशार.

तू हे कधी ओळखलंस, ते मी परवापासून जुळवत बसलेय. लॅबचा कॉम्प्युटर बंद पडला होता तेव्हा तू दोन दिवस दुरुस्तीला आला होतास. फळीवरचे साचे हातात घेऊन बघत होतास. नंबरही बघितले असशील. मग नोकरीला लागताना त्यांनी तुझ्या जुन्या कामाची यादी मागितली असेल, तू फायली उघडल्या असशील, आणि तुझ्या डोक्यात उजेड पडला असेल. माझं नाव पानावर राहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, ही बाई करते काय? लॅबमध्ये काम करते. मग हे नंबर कसले? आणि माझ्या मालकांना एका दिवसात कळलं असतं. म्हणून तू माझं नाव काढलंस. 'तू ह्यात पडू नकोस' म्हणालास. आणि मी तुला चोर म्हणाले.

गंमत पुढेच आहे. तुझं सगळं झाकलेलं होतं. ते उघडं कुणी केलं? मी! तक्रारीच्या पहिल्याच ओळीत छाती फुगवून लिहिलं, 'मी गेली बावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करते.' स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ बघितलेत. भावाचा पाय खाली धरून मारणारी मीच पहिली.

खरं सांगू? हे सगळं ध्यानात आल्यावर पहिल्यांदा लाज वाटली नाही. पहिल्यांदा इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागले. तू चोर नव्हतास. माझा भाऊ चोर नव्हता. तीन वर्षं छातीवर दगड होता तो उतरला. लाज नंतर आली, आणि चांगली पोटभर आली.

आज वकीलबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग नीट समजावून सांगितलं. खेळ कंपनीचा. त्यातली माणसं कंपनीची. त्यांच्या परवानगीशिवाय आपल्याला तो विकता येत नाही. पण आपण जे आपल्या हाताने करून त्यात घातलं ते त्यांचं होत नाही, ते करणाऱ्याचं. म्हणजे तोंडं त्यांची आणि दात आपले. "फक्त," बाई म्हणाल्या, "ते आधी तुमचे असायला हवेत." त्या नऊ माणसांची आणि लॅबच्या मालकांची लेखी संमती दोन मार्चच्या आत आली, आणि मी भागीदार म्हणून सही केली, तर तुझं लिहून देणं 'अपुरं' धरता येईल. नाहीतर 'खोटं'. अपुरं असलं तर दुरुस्त करता येतं. खोटं असलं तर घरी.

उद्या मालकांना सांगते. माझी नोकरी गेली तर गेली.

ताई


१० फेब्रुवारी

बारक्या,

नोकरी आहे. आधी ते सांगते, नाहीतर पत्र संपेस्तोवर तू नखं खाशील.

सकाळी मालक दातांच्या एका ब्रिजला पॉलिश करत होते. तू त्यांना बघितलंयस, पांढरा एप्रन, खिशात तीन पेन्सिली, हसले तर दिवसभर चर्चा. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "मला काहीतरी सांगायचंय." त्यांनी मशीन बंद केलं. मी सगळं एका दमात ओकले. मॉड म्हणजे काय तेही सांगावं लागलं. ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या घराला तुम्ही न विचारता खिडकी पाडलीत?" मी म्हणाले, "विचारून. खेळ करणाऱ्यांनीच खिडक्या पाडायची हत्यारं दिली होती." "आणि काच?" त्यांनी विचारलं. "काच तुमच्या फळीवरची," म्हणाले मी.

"दाखव," मालक म्हणाले.

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर 'बत्तिशी' लावली. बंदराचा धक्का आला, मासेवाली आली, हसली. मालकांनी डोळ्याला भिंग लावलं. पडद्याला नाक लागेल इतके वाकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मनात राजीनामा लिहून काढला, खाली सहीसुद्धा केली. शेवटी ताठ झाले आणि म्हणाले, "खालची ओळ अर्धा मिलिमीटर आत गेलीय, वरच्या ओळीशी जुळत नाही. तुझ्या भावाने बसवताना चावा बघितलेला नाही."

हसू की रडू ते कळेना.

मग मात्र खुर्ची ओढून समोर बसले आणि खालच्या आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माणूस परक्यापुढे तोंड उघडतो ना, ते विश्वासावर. त्याला आधीच लाज वाटत असते. त्याचे दात किडलेले असतात, पडलेले असतात. ते सगळं आपल्या फळीवर असतं. तू एकदा विचारायला हवं होतंस." मी मान खाली घालून उभी.

शिक्षा अशी. एक महिना स्कॅनरची किल्ली माझ्याकडे नाही. नऊ पत्रं मी स्वतः लिहायची, काय केलं ते लपवाछपवी न करता सांगायचं. ती पत्रं मालक डॉक्टरांमार्फत त्या माणसांना पोचवणार, कारण त्यांचे पत्ते मला देणं बरोबर नाही. ज्याची इच्छा असेल तो लॅबमध्ये येईल. लॅबच्या संमतीवर त्यांनी तिथल्या तिथे सही केली, आणि जाता जाता म्हणाले, "दातांवर नाव घालताना लॅबचंही घाला. काम कुणाकडचं आहे ते कळू दे."

म्हातारा आतून भलताच खूश होता, मी पैजेवर सांगते.

ताई


२३ फेब्रुवारी

बारक्या,

आठ सह्या हातात आहेत. नववीचं पुढे सांगते.

पहिला आला तो बसचालक. केस ३८९, समोरच्या दोन दातांत फट, एवढी की त्यातून शीळ घालता येईल. "माझे दात कुणाला दिलेत?" म्हणाला. मी म्हणाले, चोरट्या मालाच्या जहाजाचा कप्तान आहे, त्याला. गडी इतका हसला की फट पुरती दिसली. "बायकोला दाखवतो," म्हणाला. फोनवर चित्र काढून नेलं आणि सही करायची विसरून गेला. त्याच्या मागे बसथांब्यापर्यंत धावावं लागलं मला.

भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. माझं पत्र त्यांनी आधी लाल पेनने तपासलं, "पहिला परिच्छेद फाफटपसारा आहे," म्हणाल्या, आणि मग सही. त्यांचे दात धर्मशाळेच्या... नाही, खाणावळीच्या मालकिणीला गेलेत. "ती कशी आहे स्वभावाने?" असं विचारलं. मी म्हणाले, कडक पण न्यायी. त्या समाधानाने गेल्या.

एक गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा आला, पन्नाशीचा, सुतार. त्यांचे दात दीपगृहाच्या म्हाताऱ्याला बसवलेत आपण. तो कधीतरीच हसतो, जहाज सुखरूप आत आलं की. मुलाने ते बघितलं. "पुन्हा लावता का?" म्हणाला. तीनदा लावलं. मग म्हणाला, "बाबा असेच हसायचे. आधी खालचा ओठ बाजूला जायचा." त्याने सही केली आणि विचारलं, हा खेळ घरच्या कॉम्प्युटरवर चालेल का. मी सगळं लिहून दिलं. ह्या माणसाकडे मी बघत होते आणि तुझ्या त्या आठ महिन्यांची आठवण येत होती. ओठ कसा हलतो ते तू माझ्याकडून शंभर वेळा करून घ्यायचास, आणि मी वैतागून म्हणायचे, कुणाच्या लक्षात येणार आहे!

आता नववी. केस ४१७. आपली मासेवाली.

बाई बँकेत काम करतात. नीटनेटक्या, पर्स मांडीवर धरून बसल्या. माझं ऐकून घेतलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "नाही." मी समजवायला गेले. हे किती लोकांना आवडतं, किती लोक तिच्याशी बोलायला मुद्दाम धक्क्यावर जातात, वगैरे वगैरे. दाताच्या कण्या केल्या म्हण. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या सुळ्यामुळे मी पंचवीस वर्षं तोंडावर हात धरून हसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा. मग तो काढून नवीन करून घेतला. तुमच्याच लॅबमध्ये. तो आता कुणाला दिसायला नको."

माझ्या मनात एवढं मोठं आलं, की तुझी नोकरी ह्या बाईच्या एका सहीवर अडली आहे, तिला सांगावं, पाया पडावं. नाही पडले. दात तिचे होते. मी म्हणाले, "काढून टाकते. चुकलं माझं." तिने पर्स उघडली, रुमाल काढला, पुन्हा ठेवला आणि गेली.

वकीलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, त्या फायली काढून दुसऱ्या घातल्या तर चालेल, पण दोन मार्चच्या आत, आणि ह्या वेळी कुठून आणल्या ते स्वच्छ सांगता आलं पाहिजे.

म्हणून मी बसले. मेण वितळवायचा दिवा लावला, चाकू घेतला आणि मासेवालीसाठी दात कोरायला घेतले. कुणाचा साचा नाही, कुणाचा नंबर नाही. बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या हिरडीला बसेल असंच करत आलेय. इथे मापच नव्हतं! पहिला दिवस नुसता वाया गेला. दुसऱ्या दिवशी विचार केला की ही बाई पहाटे उठते, गार वाऱ्यात ओरडते, कात्री नसली तर दोरा दाताने तोडते. मग डाव्या बाजूचा पटाशीचा दात मी कोपऱ्यात किंचित झिजवला. वरची एक दाढ काढूनच टाकली. सुळा ठेवला, पण आता उजवीकडे आणि जरा बुटका. तीन दिवस लागले. मालकांनी भिंगातून बघितले, स्कॅनरची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

स्कॅन तुझ्या बायकोकडे पाठवला आहे. ते तोंडात बसवणं माझ्या बापजन्मात मला जमणार नाही. तूच बसवायला हवेस. मी तुला सांगू शकत नाही आणि विनवायला तोंड नाही, पण बसव. चावा बघ. मालकांनी सांगितलंय.

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

फाईल आली. उघडायच्या आधी दोनदा हात धुतले, का ते विचारू नकोस.

मासेवाली हसली. मी तिला ओळखलं नाही आणि मग लगेच ओळखलं. आणि फाईलसोबत तुझी एक ओळ होती: 'सुळा थोडा आत फिरवला, ओठाला लागत होता.'

तीन वर्षांत तुझे हे पहिले सात शब्द. मी ते मालकांना वाचून दाखवले. म्हणाले, "बरोबर केलंय त्याने." मग मी ते स्वयंपाक करताना आठवले, भांडी घासताना आठवले, आणि रस्त्यात एकटीच हसत होते म्हणून समोरच्या किराणावाल्याने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, ओठाला लागत होता. त्याने मान डोलावली. बिचाऱ्याला काय कळणार!

कागद आणि नवी फाईल वकीलबाईंकडे गेली. आता फक्त वाट बघायची. मला वाट बघता येत नाही हे तुला माहीत आहे, तर कृपा करून हसू नकोस.

ताई


५ मार्च

बारक्या,

तुला निकाल माझ्या आधी कळला असेल, तरी माझ्या हाताने लिहिते, कारण मला ते लिहायला आवडतंय. सोमवारपासून तू कामावर. 'अपुरं', 'खोटं' नाही. बत्तिशी आपल्या दोघांची. जुनी पूर्वीसारखी फुकट राहणार, आणि नव्या खेळात घालायची तर आपल्या दोघांच्या सहीने. हुश्श! वकीलबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढ्या जोरात श्वास सोडला की टेबलावरची प्लास्टरची भुकटी सगळी तोंडावर आली. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "लॅबचं नाव?" आहे हो, आहे. तिसरं आहे.

पत्र इथे संपवणार होते. पण आज दुपारी तक्रार मिटली म्हणून तिची सगळी कागदपत्रं मला टपालाने आली. त्यात तुझा जबाब होता. तारीख बघितली. माझी तक्रार पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. मी ह्यांतलं एकही पत्र लिहिण्याच्या आधीची.

प्रश्न: तक्रारदाराचं म्हणणं मान्य आहे का?
तू लिहिलंयस: हो. ताई म्हणते ते खरं आहे. निम्मं काम तिचं आहे.

प्रश्न: मग तिचं नाव का काढलं?
तू लिहिलंयस: माझी चूक.

प्रश्न: हे दात मुळात कुठून आणले?

तिथे काही नाही. कोरी जागा. बाजूला वकीलबाईंच्या हातची नोंद आहे: 'तीन वेळा विचारलं. उत्तर देत नाहीत. तोवर कामावरून दूर.'

बारक्या, मी बाईंना फोन लावला. विचारलं, त्याने तिथे लिहिलं असतं तर? त्या म्हणाल्या, तर त्याच दिवशी त्याला कामावर परत घेतला असता, संमतीचे कागद मागून आले असते तरी चाललं असतं. तक्रार तर त्याने मान्यच केली होती. दात कुठले, आम्हाला फक्त तेवढंच हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर संमतीसाठी तुमच्या लॅबला पत्र गेलं असतं.

म्हणजे माझ्या तक्रारीने तुला घरी बसवलं नव्हतं. मला नोकरीवर ठेवायला तू घरी बसला होतास. महिनाभर. बायकोलाही खरं कारण न सांगता. आणि मी तिकडून 'करावं तसं भरावं' म्हणत होते.

मी लॅबमध्येच रडले रे. चांगली हमसून. मालक घाईघाईने उठून आले आणि म्हणाले, "दाढ दुखतेय का?" मी म्हणाले, नाही हो, भावाचा जबाब वाचला. त्यांनी तो घेतला, भिंगाशिवाय वाचला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शनिवारी सुटी घे."

तेव्हा शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळपर्यंत पोचेन. तुझ्या बायकोला सांग, तिची माफी मी समोर उभी राहून मागणार आहे, तिने काही बोलायचं असेल ते बोलावं. तू मात्र काही बोलू नकोस. तू मला पुरेसं वाचवलंयस. मी चुकले, बारक्या. मी तुला चोर म्हणाले ते मागे घेते, आणि हे लिहिताना इतकं बरं वाटतंय की पुन्हा एकदा लिहिते, मागे घेते.

झोपायला एखादी सतरंजी असली तरी पुरे.

अनेक आशीर्वाद.

ताई